मूठ उघडेपर्यंत

आपल्याला नवऱ्याच्या जीपचा राग नाही, असं शर्मिला सगळ्यांना सांगायची. कुणी विचारलेलं नसतानाही सांगायची, म्हणून कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण ते खरं होतं. तिचा सगळा राग जीपच्या पुढे उभं राहून हात हलवणाऱ्या बाईवर होता.

तिचा नवरा धम्मदीप एका सरकारी खात्यात उपअभियंता. चाळिशी उलटली की पुरुषांना काहीतरी होतं. कुणी पहाटे धावायला लागतो, कुणी केस रंगवतो. धम्मदीपनं एक जुनी जीप घेतली, तिला अवाढव्य चाकं बसवली आणि दर रविवारी धायरीच्या पलीकडच्या एका बंद पडलेल्या दगडखाणीत ती धोंड्यांवर चढवायला सुरुवात केली. त्यात वेग म्हणाल तर मुंगीचा. एकेक धोंडा पार करायला अर्धा अर्धा तास लागायचा. पूर्वी रविवारी सकाळी दोघं मिळून विहारात वंदनेला जायची. आता शर्मिला एकटी जायची, आणि कुणी विचारलं, "धम्मदीप कुठे दिसत नाही?" की सांगायची, "दगडात गेलाय."

खाण सर्जेरावांची, म्हणजे धम्मदीपचा मित्र रणजित याच्या वडिलांची. आणि रणजितची बहीण ऋतिका ही तिथली स्पॉटर. हा शब्द शर्मिलाच्या घरात मिठापेक्षा जास्त वेळा यायचा. बॉनेट आडवं येत असल्यामुळे चालवणाऱ्याला आपली चाकं दिसत नाहीत, म्हणून पुढे दगडावर उभं राहून त्याला वाट दाखवणारा एक माणूस लागतो, तो स्पॉटर. त्याचा हात ज्या बाजूला जाईल तिकडे स्टिअरिंग वळवायचं. त्यानं बोटं हलवली की टीचभर पुढे यायचं. त्यानं मूठ आवळली की जागच्या जागी थांबायचं, आणि मूठ उघडेपर्यंत काही झालं तरी हलायचं नाही. स्पॉटर हात करत असताना बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं, हा तिथला पहिला आणि शेवटचा नियम.

"ऋतिका म्हणते, टायरातली हवा आणखी कमी करायला हवी." हे जेवताना. "ऋतिका म्हणते, मी स्टिअरिंग फार घट्ट धरतो." हे दात घासताना, तोंडात फेस असताना.

"ऋतिका काय म्हणते, त्या डब्यात मीठ आहे की साखर?" शर्मिलानं एकदा विचारलं. "नाही, म्हणजे तिला विचारूनच चहा करते."

धम्मदीप हसला. त्याला वाटलं, विनोद आहे.

आता तिच्या पोटात नेमकं काय दुखत होतं, ते सांगायला हवं. धम्मदीपला गाडी शिकवली होती शर्मिलानं. लग्न झालं तेव्हा त्याला सायकलच्या पुढे काही येत नव्हतं, आणि ती मात्र वडिलांची, दशरथरावांची, मारुती गावभर फिरवायची. बिबवेवाडीच्या चढावर तिनं त्याला शेजारी बसून शिकवलं. गाडी धडधडायला लागली की ती ओरडायची, "क्लच! क्लच दाब!" आणि तो दाबायचा. घामानं डबडबलेला, नजर समोर, कान तिच्याकडे. तिच्या आयुष्यात कुणी तिचं इतकं ऐकलं नव्हतं. ते दिवस तिला लग्नाच्या दिवसापेक्षाही जास्त आठवायचे.

मग त्याला गाडी यायला लागली आणि सगळं संपलं. ती म्हणाली, "पुढे सिग्नल आहे," की तो म्हणायचा, "मला माहितेय." ती म्हणाली, "नवले पुलाकडून नको, तिथे अडकू," की तो म्हणायचा, "मला माहितेय," आणि तिकडूनच जाऊन अडकायचा. शेवटी एकदा त्यानं सरळ सांगितलं, "शर्मिला, मी चालवत असताना तू बोलू नकोस. मला त्रास होतो." ती त्या दिवसापासून गाडीत बोलत नव्हती. आणि हाच माणूस दर रविवारी दुसऱ्या बाईच्या करंगळीवर स्टिअरिंग फिरवत होता! तिथे नाही त्रास होत?

"काय मजा येते रे तुला त्यात?" एकदा तिनं विचारलंच.

"ऑफिसात दिवसभर सगळे माझ्या तोंडाकडे बघतात," तो म्हणाला. "साहेब, हे काय करायचं, ते काय करायचं. तिथे मला काही ठरवावं लागत नाही. पुढचा एक हात दिसतो, तेवढंच जग. मागून कुणी हॉर्न वाजवत नाही. आणि गाडी अशी चढते ना शर्मिला, की आता पडलो म्हणावं आणि पडत नाही. कुणावर तरी पूर्ण विसंबून राहण्यात फार सुख असतं गं."

शेवटचं वाक्य तो अगदी निरागसपणे बोलला. शर्मिलाला रात्रभर झोप आली नाही.

पुढच्या रविवारी ती त्याच्याबरोबर गेली. मुद्दाम चांगला ड्रेस घातला आणि वर "मला काय, मी आपली सहज" असंही म्हणाली.

ऋतिका तिच्या कल्पनेत होती त्यापेक्षा कितीतरी साधी निघाली. अंगात भावाचा जुना शर्ट, पायात जाड बूट, ऊन लागून रापलेला चेहरा. "या वहिनी," म्हणाली, "दादा सारखं तुमचंच सांगत असत्यात." शर्मिलाला ते खोटं वाटलं. दादा म्हटलं म्हणून तिचा जीवही शांत झाला नाही. तिला काही त्या बाईपासून नवऱ्याची नियत वाचवायची नव्हती. नियत चोख होती, हे तिला ठाऊक होतं. गेले होते ते त्याचे कान.

पहिल्या लहान धोंड्यावर धम्मदीपनं तिला शेजारी बसवलं. जीप नाक वर करून चढायला लागली आणि समोर नुसतं आभाळ दिसायला लागलं. शर्मिलानं समोरचा दांडा घट्ट पकडला. चाक कुठेतरी घसरलं, धरलं, पुन्हा घसरलं, आणि मग सबंध गाडी हलकेच पलीकडे उतरली. तिच्या तोंडून लहान मुलीसारखं हसू फुटलं. काय मजा होती त्यात, ते तिला न विचारता कळलं. तिनं आनंदानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर समोर होती, ऋतिकाच्या हातावर. घामानं डबडबलेला, सगळा जीव डोळ्यांत आणलेला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. हा तिचा होता, आणि तो दुसरीला देऊन टाकलेला होता.

मग मोठा धोंडा आला. खाणीतले लोक त्याला म्हैस म्हणत. तिथे शेजारी माणूस बसवत नसत, म्हणून शर्मिला उतरून कडेला रणजितजवळ उभी राहिली.

जीप म्हशीच्या पाठीवर निम्मी चढली. ऋतिकानं मूठ आवळली. जीप थांबली. ऋतिका खाली वाकून चाक बघून आली, बोटं हलवली. "पाय उचला दादा. काय करू नका. गाडी हाय ना, ती चढती आपली आपण."

इंजिनाचा आवाज एकदम खोल गेला. जीप धडधडायला लागली, आचके द्यायला लागली, आता बंद पडते की काय अशी. रणजितला त्यात विशेष काही वाटलं नाही. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये गाडी अशीच कण्हते आणि कण्हत कण्हत चढते. पण शर्मिलाला हा आवाज बिबवेवाडीच्या चढावरचा माहीत होता. आणि समोर ती बाई शांत उभी, जणू तिला ऐकूच येत नाही. शर्मिलाच्या मनात काळजी किती होती आणि चढाओढ किती, देव जाणे. ती बेंबीच्या देठापासून ओरडली, "क्लच! क्लच दाब!"

आणि धम्मदीपचा पाय गेला.

क्लच दाबताक्षणी इंजिननं गाडी सोडून दिली. जीप मागे घरंगळली, मागचं चाक फटीत गेलं आणि ती हळूच, म्हातारी माणसं कुशीवर वळतात तशी, बाजूच्या दगडावर आडवी झाली. आरसा फुटला. दार चेपलं. धम्मदीप पट्ट्याला लटकत राहिला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"आवाज कुणी दिला?" ऋतिका गरजली. "मधी आवाज कुणी दिला?"

"कुणी नाही," आतून धम्मदीप म्हणाला. "माझाच पाय गेला."

"मी दिला," शर्मिला म्हणाली.

ऋतिकानं तिच्याकडे पाहिलं. शिव्या येतील म्हणून शर्मिला मान खाली घालून उभी राहिली, पण आल्या नाहीत. ऋतिकानं आधी दोर बांधून जीप सरळ करून घेतली. मग हात पुसत तिच्याजवळ आली.

"घसा फोडून फोडून सांगितलं वहिनी, म्हशीवर क्लचला शिवायचं न्हाई. दादांचा पाय कधी हलला नव्हता. तुमच्या एका हाकेला गेला." तिच्या आवाजात कौतुक अजिबात नव्हतं. "एवढ्या इंजिनाच्या आवाजात माझं बोलनं त्यांना ऐकू जात न्हाई, म्हणून तर हात करावा लागतो."

शर्मिलाला रडू येत होतं, आणि त्या रडण्याखाली लाज वाटावी इतका आनंद झाला होता. गाडी आडवी पाडून का होईना, कान परत मिळाले होते.

तो आनंद धायरी फाट्यापर्यंत टिकला. तिथे खडकवासल्याहून परतणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत अडकल्यावर धम्मदीप म्हणाला, "एक सांगू? पुढच्या वेळी तू येऊ नकोस."

"चुकलं रे माझं. पुन्हा तोंड उघडणार नाही."

"तू गप्प बसलीस तरी माझा कान तुझ्याकडेच राहणार. डोक्याला माहीत होतं, पाय लावायचा नाही. पण तुझा आवाज आला आणि पाय मला न विचारता गेला. तू असलीस की मी दुसऱ्या कुणाचं ऐकू शकत नाही, शर्मिला."

इतकी वर्षं तिला जे ऐकायचं होतं, ते तो जसंच्या तसं बोलला होता. आणि त्याच कारणासाठी तिला घरी बसवत होता. "पुढे डावीकडून घे," ती म्हणाली.

"मला माहितेय," तो म्हणाला आणि सरळ गेला.

पुढच्या रविवारी तो एकटाच निघाला. त्यांच्या सोसायटीचं पार्किंग म्हणजे दोन खांब आणि त्यात कोंबलेल्या स्कूटर. त्यातून ती रुंद जीप मागे काढणं कठीण, आणि आरसा अजून बसवलेला नव्हता. शर्मिला चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी होती. खाली धम्मदीपनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, खांबाकडे पाहिलं, आणि मग सवयीनं वर तिच्याकडे पाहिलं.

तिनं कप कठड्यावर ठेवला. बोटं हलवली. जीप टीचभर मागे आली. हात डावीकडे नेला, चाकं डावीकडे वळली. जीप दोन खांबांच्या बरोबर मधोमध आली. रस्ता मोकळा होता. आता नुसतं सोडायचं, की तो खाणीत.

तिनं मूठ आवळली.

जीप थांबली. धम्मदीप मान वर करून बघत राहिला. फाटकाशी पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवायला लागला. वॉचमन ओरडला. मानेला रग लागली असेल, ऊन डोळ्यांत जात असेल, पण धम्मदीप हलला नाही. मूठ उघडलेली नव्हती.

शर्मिलानं चहाचा एक घोट घेतला आणि दुसऱ्या हाताची मूठ तशीच वर धरून ठेवली.