पिवळा मुकादम

मुकादम मेला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. पुढच्या जवळजवळ सगळ्या गोष्टीत तो जिवंत आहे आणि त्याला ही बातमी इतक्या लवकर कळावी असं मला वाटत नाही.

तर मुकादम जिवंत आहे. तो तोगरवाडी फाट्यावर राजूबाईच्या हॉटेलात राहतो. हॉटेल म्हणजे चार बांबू, वर पत्रे, एक चूल आणि एक कढई. कमलनगरहून उदगीरकडं जाताना कर्नाटक संपता संपता हा फाटा लागतो. हॉटेलामागं लघवीला गेलेला माणूस महाराष्ट्रात जाऊन येतो.

मुकादम तांबड्या रंगाचा, एका कानानं फाटका. स्वतः काही काम करत नाही, पण तो उठल्याशिवाय इथलं काम सुरू होत नाही, म्हणून मुकादम. राजूबाईचे कान पार गेलेले. बस कालव्याच्या वळणावर आली की ती मुकादमाला ऐकू येते. तो उठतो, आळस देतो आणि राजूबाईच्या उजव्या पावलाला नाक लावतो. नाक लागलं की ती मिरच्या पिठात बुडवून तेलात सोडते. बस थांबते तेव्हा घाणा निघत असतो आणि खिडक्यांतून हात बाहेर येतात. भजी गार असली की हात येत नाहीत. राजूबाईला नवरा नाही, शेत नाही. मुलगी पल्लवी हैदराबादला, तिचं तिलाच पुरत नाही. म्हणजे ही बाई एका कुत्र्याच्या नाकावर जगते, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होत नाही.

मग वरून आदेश आला की मोकाट कुत्री पकडून निवाऱ्यात सुरक्षित ठेवायची. निवारा बिदरच्या बाजूला कुठंतरी बांधायचा होता. तो अजून बांधायचाच आहे. तोवर अनिलकुमार नावाचा ठेकेदार पत्र्याची बंद गाडी घेऊन फिरायचा. एका गावची कुत्री उचलायचा, दुसऱ्या गावात सोडायचा आणि त्या गावची उचलून पहिल्या गावात. त्यामुळं आकडे फार चांगले येत होते. काही कुत्री मात्र कोणत्याच गावात उतरली नाहीत. त्यांच्याबद्दल विचारलं की अनिलकुमार फोन लावायचा.

गाडी आपल्याकडं यायली हे कळलं तेव्हा संगमेश्वर त्याच्या खताच्या दुकानात गोणीवर बसला होता. संगमेश्वर माझा दोस्त. त्याचं डोकं चालतं, हे त्याच्या घरच्यांना अजून मान्य नाही.

"मैलारलिंगासंगं काय असतंय बे?" त्यानं विचारलं. आमच्याकडं खंडोबाला मैलारलिंग म्हणतात, कोणी मल्लण्णा.

"घोडं."

"अन् घोड्याच्या पायापशी?"

"कुत्रं."

"मग? भंडारा चोळायचा. देवाच्या कुत्र्याला कोन हात लावंल?"

"तू कामून मधी पडायलास? तुमच्यात तर भंडारा न्हाई."

"आमच्यात विभूती. पन विभूती लावल्यालं कुत्रं राखंत लोळल्यावानी दिसतंय. त्याला कोन हात जोडील?"

आम्ही फाट्यावरची सगळी कुत्री पिवळी केली. मुकादम शिंकला आणि आमच्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझी शाळा आठवली. राजूबाईनं हातानंच 'काय हे?' विचारलं. संगमेश्वरनं गळ्याला फास लागल्याची खूण केली आणि गाडीचं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. तिला समजलं. तिनं आत जाऊन स्वतःचा हळदीचा डबा आणला आणि मुकादमाची पाठ, पोट, शेपटी, फाटका कानसुद्धा पिवळा केला.

अनिलकुमार आला. फासाची काठी काखेत धरून त्यानं एकेका कुत्र्याला हात जोडले.

"ये तो मल्लण्णा के कुत्ते हैं रे," तो म्हणाला, "याला हात लावला तर घरात दिवा लागायचा न्हाई." आणि रिकामी गाडी घेऊन गेला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण चांगली कल्पना एका गावात मावत नाही. आजूबाजूच्या गावांतले लोक आपापली कुत्री पोत्यात घालून, जीपमध्ये बसवून फाट्यावर आणायला लागले. इथं सोडलं की सुरक्षित. उदगीरकडूनही आली. महाराष्ट्राची कुत्री कर्नाटकात राहायला आली आणि त्यांना कोणी भाषा विचारली नाही, हे या भागातलं पहिलंच उदाहरण असावं. सगळी पिवळी. लांबून बघितलं तर झेंडू चालत असल्यासारखं दिसायचं.

पंचायतीचे मेंबर आप्पाराव सगळ्यांत भाविक. ते रोज पोळी घेऊन यायचे आणि एकेका कुत्र्याच्या पाया पडायचे. असंच एकदा वाकलेले असताना कुठल्याशा परगावच्या करड्या कुत्र्यानं त्यांच्या पोटरीचा लचका तोडला.

"आशीर्वाद दिला देवानं," आप्पाराव लंगडत म्हणाले. मग इंजेक्शन सुरू झालं आणि सुईगणिक त्यांची भक्ती कमी होत गेली. शेवटी त्यांनी मीटिंग बोलावली.

अडचण एकच होती. कुत्री देवाची, पकडायची कशी?

"देवाच्या कुत्र्याला हात लावायचा न्हाई, मान्य," आप्पाराव म्हणाले. "पन धुतल्यावर ते देवाचं कामून राहतंय? गणपती न्हाई का बुडवत आपन? बुडवल्यावर त्याची कोन आरती करतंय?"

लोकांना हे इतकं पटलं की कोणी चहासुद्धा मागितला नाही. भंडारा-विसर्जनाचा दिवस ठरला. माइकवरून सांगितलं गेलं. सगळ्या गावानं ऐकलं. राजूबाईनं ऐकलं नाही. संगमेश्वर आणि मी खताची गाडी भरून आणायला उदगीरला गेलो होतो.

पुढचं मला लोकांनी सांगितलं, तेही खाली बघत. जनावरांच्या हौदाशी हार-फुलं, उदबत्त्या होत्या. एकेका कुत्र्याला पाण्यात घालून चोळून धुतलं, शेवटचं ओवाळलं आणि अनिलकुमारच्या स्वाधीन केलं. मुकादमाला कोणी आणलंच नव्हतं. जिथं माणसं जमतात तिथं आपण सगळ्यांत पुढं असलं पाहिजे, अशी त्याची समजूत होती. शिवाय पिवळं असणं त्याला कधीच आवडलं नव्हतं. तो स्वतःहून हौदात उतरला.

"राजूअक्काचं हाय ते," कोणीतरी म्हणालं.

"अक्काला दुसरं दिऊ," आप्पाराव म्हणाले.

उन्हं तापली तेव्हा आम्ही फाट्यावर खताच्या गाडीतून उतरलो. समोर अनिलकुमारची गाडी उभी. पत्र्याची पेटी, दाराला कुलूप, बाजूला जाळीचं एक भोक. आत भुंकण्याचा, नखांचा, अंग आपटण्याचा नुसता कल्लोळ. हॉटेलात बसलेली माणसं कपात बघून चहा पीत होती. इतक्या बारकाईनं चहा पिताना मी या लोकांना कधी बघितलं नाही. अनिलकुमार फोनवर विचारत होता, "मग कुठं सोडू साहेब? तिकडं तर नको म्हनायलेत."

राजूबाई बाकाखाली वाकून बघत होती. मग तिनं अनिलकुमारपुढं भज्यांची ताटली ठेवली, कारण तो गिऱ्हाईक होता.

"आमचा मुकादम कुठं गेलाय की मघापासनं," ती म्हणाली. बहिरी असून ती हळूच बोलते. "तुमी बघितलाव का अण्णा? तांबडाय. पिवळाय."

अनिलकुमारच्या तोंडात भजं होतं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

गाडी राजूबाईपासून हाकेच्या अंतरावर होती. पण हाकेचा तिथं काही उपयोग नव्हता.

संगमेश्वर हॉटेलातल्या फळीपाशी गेला, तिथली उरलेल्या भंडाऱ्याची पिशवी उचलली आणि जाळीतून सगळीच्या सगळी आत उधळली. आत शिंका सुरू झाल्या.

"आता सांग. आता कुनाची हायत?"

अनिलकुमारनं जाळीला डोळा लावला, मागं सरला आणि तेलकट हात जोडले. "ये क्या किया रे तुमने! आता न्यायचं बी जमंना, सोडायचं बी जमंना. मोजून लिहून दिल्यात मी." त्याचा चेहरा खरंच रडवेला झाला होता. तेवढ्यात उदगीरकडून बिदरची बस आली. तिला भजी गरम मिळाली, कारण अनिलकुमारसाठी काढलेला घाणा नुकताच निघाला होता. राजूबाईला काही जाणवलं नाही. "इचारून येतो," म्हणत अनिलकुमार बसमध्ये चढला आणि बिदरला गेला. चावी त्याच्या खिशात होती.

"कुलूप तोडू," मी म्हणालो.

आप्पाराव तोवर लंगडत पोचले होते. "सरकारी कुलूप हाय. तोडलं की केस."

"मग उघडंल कोन?"

"ज्याच्यापशी चावी हाय त्यो."

"त्यो बिदरला गेला."

"यील की."

कोणीतरी सुचवलं, गाडी ढकलून हॉटेलामागं महाराष्ट्रात न्यायची. तिकडं कर्नाटकाचं कुलूप सरकारी राहत नाही. हे कायद्यात बसतं का यावर थोडा वेळ चर्चा झाली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली. ब्रेक लावलेला होता. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला तयार झाली नाही. पत्र्याला हात लावला की चटका बसत होता, म्हणून लोक खांद्यावरचे टॉवेल हाताला गुंडाळून ढकलत होते, आणि हे करताना आत काय होत असेल हे कोणी कोणाला म्हणालं नाही. हळूहळू भुंकणं कमी होत गेलं.

"बरं झालं," आप्पाराव म्हणाले, "शांत झाली."

मग कालव्याच्या वळणावर बिदरहून येणारी बस दिसली. गाडीत एकच कुत्रं भुंकलं, तेही एकदाच.

कढईतलं तेल नुसतं तापत होतं. राजूबाई हात पुसत बसली होती. बस थांबली, लोक खिडक्यांतून बघत राहिले आणि बस गेली. राजूबाईनं जाणाऱ्या बसकडं बघितलं. मग स्वतःच्या उजव्या पावलाकडं बघितलं. मग गाडीकडं, जाळीच्या कडेनं सांडलेल्या पिवळ्या रंगाकडं.

ती उठली आणि तळहात पत्र्यावर ठेवला. त्या पत्र्यावर कोणाचा हात क्षणभरही टिकत नव्हता. तिनं तो ठेवूनच दिला. आतून तिला काय समजलं ते तिचं तिला माहीत. ती परत गेली, मिरच्या वाटायचा वरवंटा आणला आणि कुलपावर घाव घालायला लागली.

"केस हुईल, राजूबाई! केस हुईल!" आप्पाराव ओरडले.

राजूबाईला ऐकू आलं नाही.

दार उघडलं. पिवळी कुत्री धडपडत बाहेर पडली आणि हॉटेलामागच्या तुरीतून महाराष्ट्रात गेली. त्यांच्यातलं एकही दगावलं नाही. उदगीरच्या बाजूला पिवळी कुत्री दिसतात असं लोक अजून सांगतात.

मुकादम दाराच्या फटीला नाक लावून पडला होता. इतर सगळी त्याच्यावरून गेली होती. सगळ्यांत जास्त भंडारा त्याच्याच अंगावर पडला होता. तो पुन्हा नीट पिवळा झाला होता.

पहिलं वाक्य आता वाचलं तरी चालेल.

राजूबाईनं त्याला ओढून बाहेर घेतलं, स्वतः जमिनीवर बसली आणि त्याचं नाक आपल्या उजव्या पावलावर ठेवलं. ती तशीच बसली. पुढच्या बसला अजून अवकाश होता.

आता तिची भजी कधी आधी निघतात, कधी नंतर. आप्पारावांनी शब्द पाळून दुसरं कुत्रं आणून दिलं. ते बस आली की पळून जातं. म्हणून संगमेश्वरनं आणि मी तिच्या वतीनं बस खात्याकडं अर्ज दिला आहे. त्यातला शेवटचा परिच्छेद असा:

तरी मेहेरबान साहेबांस नम्र विनंती की, सदर मार्गावरील प्रत्येक बसच्या वाहकाने कालव्याच्या वळणावर खाली उतरावे, बसच्या आधी धावत तोगरवाडी फाट्यावर पोहोचावे आणि अर्जदार राजूबाई यांच्या उजव्या पावलास नाक लावावे. नाक ओले असणे आवश्यक आहे.