रामाच्या मंडपातले पोपट आणि मी

मित्रांनो, शोकेसमध्ये पितळी समईशेजारी बसलेला जुना कॅमेरा म्हणजे मी. मला बिचारा म्हणू नका. कसबा पेठेतले जे बोळ तुमच्या मोबाइलच्या नकाशाला अजून सापडलेले नाहीत, ते मी पायी पाहिले आहेत. पाय अर्थात यज्ञेश्वर सरांचे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण घडलो मी पुण्यात. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या यज्ञेश्वर सरांनी मला गळ्यात घातलं आणि दर रविवारी सकाळी आम्ही पेठांमधून हिंडू लागलो. दारांच्या कड्या, खिडक्यांच्या जाळ्या, हौदांच्या कमानी, जे आवडेल ते टिपायचो. रीळ जपून वापरावं लागे, म्हणून समोरची माणसं निघून जाईपर्यंत सर शांत उभे राहत.

"सर, माणसं सोडून खांब कसले काढता?" एकदा एका दुकानदाराने विचारलं.

"खांब हलत नाहीत, आणि न विचारता बोलतही नाहीत," सर म्हणाले. मला तेव्हा भारी वाटलं.

तिथल्याच एका बोळात रामाचं लहानसं देऊळ आहे. त्याच्या लाकडी मंडपात प्रत्येक खांबावर, तुळईला आधार देणारा एक कोरीव पोपट आहे. सरांनी दारापासून सुरुवात केली आणि प्रदक्षिणेच्या वाटेने एकेक पोपट टिपला. एकही हलला नाही, ना पोपट, ना माझा फोटो.

पुढे घरोघरी मोबाइल आले, सरांचे गुडघे कुरकुरू लागले आणि मी शोकेसमध्ये गेलो. पाहुणे मला 'क्यूट' म्हणत. तो शब्द मला मुळीच आवडला नाही. खरं सांगतो, त्या काळात मला फार एकटं वाटे.

यंदा रामनवमीच्या आधी मंडप दुरुस्तीसाठी उतरवला. सुदर्शन सुतारांनी प्रत्येक पोपटामागे खडूने त्याच्या खांबाचा आकडा लिहिला होता. देवळाची पूजाअर्चा बघणाऱ्या हेमाताईंना मात्र पोपटांवरची काजळी बघवेना. सणाच्या तोंडावर असं मळकं लाकूड देवापुढे कसं चढवायचं? त्यांनी सगळे पोपट रिठ्याच्या पाण्याने भक्तिभावाने धुतले. आकड्यांसकट.

प्रत्येक पोपट आपापल्याच खाचेत बसणारा. आता कोणता कुठला, ते कुणालाच कळेना. लोकांनी मोबाइल धुंडाळले, पण प्रत्येक फोटोत हसरे चेहरे पुढे आणि पोपट त्यांच्या डोक्यांमागे.

"जुनं लाकूड आहे. सारखं ठोकून बघितलं तर तडकेल," सुदर्शन म्हणाले. "आता तासूनच बसवावे लागतील."

हेमाताई सरांकडे आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "माझ्यामुळे देवाचे पोपट तासले जाणार हो, सर."

सर उठले आणि त्यांनी कपाटातून निगेटिव्हचा डबा काढला. त्यांच्या नातीने, वल्लरीने, एकेक पट्टी खिडकीच्या उजेडात धरली.

"आजोबा, पोपट तर दिसतायत. पण यातला पहिला खांब कोणता?"

"दाराजवळचा. मी देवळात कधी उलटा फिरलोय का? आणि फिल्मच्या कडेला बघ, आकडे छापलेले आहेत. ते रिठ्याने जात नाहीत."

वल्लरीने मोठे फोटो छापून आणले आणि सरांनी मला शोकेसमधून काढून, पुन्हा गळ्यात घालून देऊळ गाठलं. एकाची चोच जरा वाकडी, एकाच्या पंखाजवळ लाकडाची गाठ, असं बघत बघत सुदर्शननी ओळख पटवली. रंधा पिशवीतच राहिला. शेवटचा पोपट हलक्या ठोक्यासरशी खाचेत बसला, तेव्हा हेमाताईंनी आधी रामाला हात जोडले आणि मग सरांच्या गळ्यातल्या मला. देवाखालोखाल नमस्कार मिळालेला दुसरा कॅमेरा असेल तर मला दाखवा.

रामनवमीला वल्लरीने माझ्यात नवं रीळ भरलं. हेमाताई कौतुकाने खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"काकू, जरा बाजूला व्हा ना," वल्लरी म्हणाली. "पोपट झाकला जातोय."

हेमाताई लगेच सरकल्या. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा, पण आधी मागे काय लिहिलंय ते वाचा. आणि फोटो काढताना अधूनमधून तुम्हीही बाजूला सरका. मागे जे उभं आहे, त्याला उद्या तुमचाच फोटो लागेल.