आईचा खण

मित्रांनो, शाळेच्या जिन्याखाली खणाखणांचे एक जुने लाकडी कपाट उभे आहे. तुम्ही ते पाहिले असेल. पाहिले नसेल तर निदान ओल्या छत्र्या तरी त्याच्या डोक्यावर ठेवल्या असतील. ते कपाट म्हणजे मीच. माझी गोष्ट ऐकणार असाल तर आधी त्या छत्र्या उचला.

मला घडवणारा सुतार मोठा कटकट्या होता. एखादा खण ओढताना जरासा जरी अडला, तरी तो पुन्हा रंधा घेऊन बसायचा. "लहान पोराच्या एका बोटानं उघडला पाहिजे," असे स्वतःशीच पुटपुटायचा. त्याने प्रत्येक खणाला पितळी कडी लावली आणि कडीच्या वर नावाची पट्टी सरकवायला छोटी चौकट केली. मग मी शाळेच्या ग्रंथालयात आलो. तिथल्या प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड माझ्या पोटात असे. मला विचारल्याशिवाय तिथे कोणाचे पान हलत नसे. ग्रंथपालकाका रोज सकाळी मला पुसायचे आणि खण उघडा टाकून जाणाऱ्याची खरडपट्टी काढायचे. काय दिवस होते ते! मुलांची शाईने माखलेली बोटे, कार्डांचा तो कोरडा वास, दुपारच्या उन्हात चमकणाऱ्या माझ्या कड्या. अजूनही आठवले की मन भरून येते.

पुढे संगणक आला. कार्डे पोत्यात भरून रद्दीत गेली. काका निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने शेवटचे पुसले. घर फिरले की वासेही फिरतात म्हणतात, ते काही खोटे नाही. माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या खणांत खडूचे तुकडे, मोडक्या पट्ट्या आणि एक कोळी राहू लागला. कोळी तसा सज्जन होता, पण बोलायचा नाही.

अशातच एक बाई शाळेत आल्या. यंत्रे कविता आणि गोष्टी कशा रचतात आणि ते मुलांना कसे उमगेल, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. मुलांच्या हातात तेव्हा नुकतीच कविता करणारी यंत्रे आली होती. विषय सांगायचा अवकाश, की पडद्यावर कविता हजर. मुले आ वासून बघत राहायची. यंत्र म्हणेल ती पूर्व दिशा.

"आत काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून ती जादू वाटते," बाई शिपाईमामांना म्हणाल्या. "मला असं यंत्र हवंय, ज्याच्या पोटात हात घालता येईल."

"बाई, इथे तसलं काही नाही. हे एक कपाट आहे, पण ते उद्या भंगारात चाललंय."

"आता नाही जाणार," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून कोळ्याची जाळी काढू लागल्या.

त्यांनी माझ्या प्रत्येक खणाला एका शब्दाचे नाव दिले. मग मुलांकडून वाक्ये लिहून घेतली. मुलाने 'आई भाजी चिरते' असे लिहिले, की 'आई' नावाच्या खणात 'भाजी' ही चिठ्ठी पडायची आणि 'भाजी'च्या खणात 'चिरते' ही. अशा शेकडो चिठ्ठ्या माझ्या पोटात गेल्या. कविता करायची तर डोळे मिटून एका खणातून चिठ्ठी काढायची. तिच्यावर जो शब्द असेल त्याचा खण उघडायचा, त्यातून पुढची चिठ्ठी काढायची, की झाली ओळ तयार.

माझी पहिली ओळ होती, 'वारा पुस्तक वाचतो.' एकाने लिहिले होते, वारा पुस्तक उघडतो. दुसऱ्याने लिहिले होते, दादा पुस्तक वाचतो. दोघांची सरमिसळ झाली, एवढेच. पण मुलांनी टाळ्या पिटल्या. "कपाट कवी आहे!" म्हणून सगळा वर्ग नाचला. खरे सांगतो, मीही फुगलो. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तके शोधून दिली, आता मी स्वतः कवी झालो होतो. बाई मात्र नुसत्या हसल्या.

त्या वर्गात एक मुलगी होती. एका जागी कधी बसायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची आई क्रेन चालवायची. उंच इमारतींची कामे चालतात ना, तिथली. भिंगरीने मोठ्या दिमाखात 'आई क्रेन चालवते' असे लिहून चिठ्ठ्या टाकल्या. घरी जाऊन तिने आईला सांगितले, "आमचं कपाट तुझ्यावर कविता करतं. शाळेच्या प्रदर्शनात ते मांडणार आहेत. ये, दाखवते." कामामुळे आईला शाळेत यायला कधी जमले नव्हते. या वेळी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पण माझ्या 'आई'च्या खणातून 'क्रेन' काही येईना. भिंगरी मधल्या सुट्टीत यायची, डोळे घट्ट मिटून चिठ्ठी काढायची. भाजी. पुन्हा काढायची. डबा. कपडे. पुन्हा भाजी. ढब्बू नावाचा तिच्याच वर्गातला मुलगा एकदा मागे उभा राहून हे बघत होता.

"अगं, कपाटालासुद्धा माहितीय," तो म्हणाला. "आया काय क्रेन चालवतात होय?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो की बाबा रे, मला काहीही माहीत नाही! भिंगरी डोळे पुसत बाईंकडे गेली. "बाई, कपाटाला माझी आई आवडत नाही का?"

बाईंनी 'आई'चा अख्खा खण टेबलावर पालथा केला आणि मुलांना चिठ्ठ्यांचे ढीग लावायला सांगितले. भाजीचा ढीग हा एवढा, डब्याचा त्याहून मोठा. क्रेनची एकुलती एक चिठ्ठी कडेला पडली होती.

"हे कुणी लिहिलं?" बाईंनी विचारले.

"आम्हीच."

"मग कपाट तरी दुसरं काय सांगणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

भिंगरीने यातून आपल्या परीने धडा घेतला. दुसऱ्या दिवशी ती मूठ मूठ भरून 'क्रेन'च्या चिठ्ठ्या घेऊन आली आणि तिने त्या माझ्या 'आई'च्या खणात कोंबल्या. अति तेथे माती! त्या दिवसापासून ज्याची त्याची आई क्रेन चालवू लागली. शिपाईमामा हौसेने चिठ्ठी काढायला आले, तर ऐंशी वर्षांची त्यांची आईसुद्धा क्रेनवर! वर्ग हसून लोटपोट झाला. ढब्बू तेवढा हसला नाही.

"माझी आई घरीच असते," तो हळूच म्हणाला. "मग ती यात कुठंच नाही का?"

भिंगरीचे हसू मावळले. तिने कोणी न सांगता आपल्या जास्तीच्या चिठ्ठ्या एकेक करून काढून घेतल्या. बाईंनी सगळ्यांना घरी पाठवताना सांगितले, "आज आईकडे नीट बघा. आठवून लिहू नका, बघून लिहा." मग काय विचारता! आई बसमध्ये झोपते. आई शिट्टी वाजवते. आई गाणे गुणगुणते. ढब्बूची आई रेडिओ उघडून दुरुस्त करते, हे ढब्बूलाही तोवर ठाऊक नव्हते. माझा खण इतका भरला की धड बंद होईना. पण त्या गर्दीत 'क्रेन' पुन्हा एकटीच होती, आणि प्रदर्शन तर उद्यावर आले होते.

भिंगरीची आई आली ती कामावरच्या जाड बुटांतच. दारात घुटमळली, मग बूट पुसून आत आली. भिंगरीने तिला माझ्यापुढे आणले. 'क्रेन'ची चिठ्ठी मुठीत लपवून आणणे तिला अवघड नव्हते. पण ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. ते मला दिसत होते, आणि ते रिकामे होते.

आईने डोळे मिटून 'आई'च्या खणातून चिठ्ठी काढली. 'गाणे.' मग 'गाणे'चा खण उघडला. 'विसरते.'

आई गाणे विसरते.

लोक हसले. आई हसली नाही. तिने त्या चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. "खरं आहे गं," ती म्हणाली. "तू लहान असताना तुला झोपवायला म्हणायचे ना, ते गाणं. आता आठवतच नाही. पण याला कसं कळलं?"

आजूबाजूचे लोक पुढे सरकले. कपाट मनातले ओळखते, अशी कुजबुज सुरू झाली. भिंगरीने नुसती मान डोलावली असती, तर मी त्या दिवशी देव झालो असतो.

"त्याला नाही कळलं, आई," ती म्हणाली. "'गाणं' एकानं टाकलं, 'विसरते' दुसऱ्यानं. जुळून आलं नुसतं. कपाट तुला ओळखत नाही. मी ओळखते."

"काय ओळखतेस?"

"तू घरी भरलेली बादलीसुद्धा अशी ठेवतेस की आवाज होत नाही. जड वस्तू खाली ठेवताना श्वास धरून ठेवतेस. शिडी चढताना मागे बघत नाहीस. एकदा तू मला कामावर नेलं होतंस ना, तेव्हा बघितलं मी. आणि ते गाणं मला सगळं येतं."

आई खाली बसली. भिंगरीने तिच्या कानाशी तोंड नेऊन ते गाणे म्हटले. इतक्या हळू, की मला एक शब्दही ऐकू आला नाही. मी कवी म्हणून मिरवलो, पण अशी कविता माझ्या सगळ्या खणांतून कधी निघाली नव्हती. तिचा हेवा वाटला, आणि आनंदही झाला.

त्याला आता बरीच वर्षे झाली. बाईंचा अहवाल छापून आला. त्यात माझा फोटो आहे म्हणे, मला कोणी दाखवला नाही. भिंगरी, ढब्बू मोठे होऊन पांगले. मी पुन्हा जिन्याखाली आलो. चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या आहेत आणि बाहेरची यंत्रे माझ्यापेक्षा कितीतरी हुशार झाली आहेत. ती मला जुनाट म्हणतील, म्हणोत. पण मित्रांनो, त्यांच्याही पोटात कोणीतरी लिहिलेलेच असते. त्यांनी काही सांगितले की विचारा, हे कोणी लिहिले आणि कोणाचे लिहायचे राहिले? त्यांना जपून वापरा, आम्हा म्हाताऱ्यांना अधूनमधून पुसा. आणि तुमच्या माणसांबद्दल जे तुम्हालाच ठाऊक आहे, ते कोणत्याही यंत्राला सांगण्याआधी त्या माणसाजवळ बसून त्याला सांगा.