सत्तर, अजून सत्तरच

"इंजिन शेपटीला आणि पाणी गार करायचं नाकापाशी! ही गाडी ज्याने काढली, त्याच्या घरी स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि जेवायचं टेबल गच्चीवर असणार."

आई हे माझ्या पायांना सांगत होती. बाकीची मी गाडीखाली होते.

बाबांची जुनी गाडी आहेच तशी. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि पोटाखालून दोन लांब नळ्या. एकीतून गरम पाणी पुढे जातं, दुसरीतून गार होऊन परत येतं. नळ्या सडल्या तेव्हा मेकॅनिकने हात जोडले. मी कशाला जोडतेय! पुस्तकं वाचून शिकलेल्या माणसाला कशाला घाबरायचं तेवढंच ठाऊक नसतं. शिवाय रविवारी स्वतः गाडी चालवणार म्हणून बाबांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, आणि गाडी तयार ठेवायचा शब्द मी देऊन बसले होते.

चाचणीची आमची पद्धत ठरलेली. बाबांनी स्टिअरिंगपाशी बसून तापमानाचा काटा वाचायचा आणि नव्वद झाले की रेडिएटरच्या पंख्याचं बटण दाबायचं. मी मागे, इंजिनपाशी.

"किती, बाबा?"

"सत्तर!"

"आता?"

"अजून सत्तरच! फर्स्टक्लास!"

आणि पाणी उकळून माझ्या अंगावर. मी पुढे धावेपर्यंत बाबांनी किल्ली फिरवून गाडी बंद केलेली, काटा शून्यावर झोपलेला.

पाणी उकळतंय आणि काटा सत्तरवर, म्हणजे नळीत हवा अडकली. हे माझं निदान. वहीत लाल-निळे बाण काढून मी ते स्वतःला पटवूनही दिलं. तीनदा नळ्या उतरवल्या, तीनदा चढवल्या, गाडीचं नाक जॅकवर उचलून हवा सोडली. मधे पाणी भरताना बाबांनी अर्धं नरसाळ्याबाहेर ओतलं, तर मी मोठं नरसाळं आणलं. कप देताना आई आधी तो त्यांच्या बोटांना लावते. मी म्हटलं, या वयातही किती ते प्रेम!

चौथ्या खेपेला इंजिन चालू असताना आई पुढे टेकायला गेली आणि ओरडली, "अगं आई गं! हे तर पोळतंय!"

रेडिएटर पोळत होता. म्हणजे गरम पाणी पोचत होतं. नळ्या बिचाऱ्या पहिल्या दिवसापासून निर्दोष होत्या. पंखा मात्र ढिम्म.

मी बाबांच्या खिडकीशी गेले. काटा एकशे दहावर, लाल पट्टीत.

"आता किती, बाबा?"

"सत्तर," काट्याकडे निरखून बघत बाबा म्हणाले.

मी आत हात घालून बटण दाबलं. पंखा गरगरला. आई माझ्याकडे बघत होती, मी नरसाळ्याकडे.

"मीटरच गंडलंय मेलं," मी म्हणाले. "नवीन आणते. मोठ्या आकड्यांचं."

"आण बाई, आण," आई घाईघाईने म्हणाली.

बाबांनी या वेळी किल्लीला हात लावला नाही.

"मीटर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मला काटा दिसत नाही. रस्तासुद्धा."