फॉर्मवरचा नंबर

तपासणीची पावती चार दिवस खिशात होती, पण त्याने ती नीट वाचली आज, साडेतीनच्या तासाला. नाव बरोबर, वर्ग बरोबर, आणि खाली मोबाइल नंबर बापाचा. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर बापाचाच नंबर लिहायची सवय. कॉलेजच्या आरोग्य केंद्रातही हाताने तोच लिहिला होता. रिपोर्टचा मेसेज आज चार वाजता येईल, असं नर्सबाईंनी सांगितलेलं. काय हे शहाणपण! ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याच हातात नेऊन दिलं.

गोष्ट अशी होती की वर्गातल्या एका मुलीशी त्याचं जुळलं होतं, दोघं एकदा एकत्र झोपले होते, आणि काही दिवसांत त्याला लघवीला जळजळ सुरू झाली. त्याला आज अकरा दिवस झाले होते. मित्रमंडळींत या विषयावर फुशारक्या भरपूर, पण दुखणं आलं की सगळे मुके. शेवटी चार दिवसांपूर्वी तोंड लपवत तो तपासणीला गेला होता.

आणि बापाचं सलून. बापाला चष्म्याशिवाय मोबाइलवरची अक्षरं दिसत नसत, चष्मा तो लावत नसे, म्हणून खुर्चीत बसेल त्या गिऱ्हाइकाने मेसेज मोठ्याने वाचायचा, अशी दुकानाची रीत. विजेच्या बिलापासून आत्याच्या रुसव्यापर्यंत सगळं चारचौघांत वाचलं जाई.

तास अर्धवट टाकून तो पळत सुटला. दुकानाच्या दारात पोचला तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बाकावर तिघे बसलेले. खुर्चीत निवृत्त मास्तर, एक गाल स्वच्छ, दुसऱ्यावर फेस, आणि हातात बापाचा फोन.

"काय म्हणतोय?" वस्तरा पुसत बापाने विचारलं.

मास्तरांनी फोन लांब धरला आणि वर्गात वाचावं तसं वाचलं, "आपला तपासणी अहवाल तयार आहे. उपचारासाठी आजच भेटावे. कॉलेज आरोग्य केंद्र." पुढची ओळ त्यांनी मनात वाचली आणि फोन पालथा ठेवला.

"पुढे?"

"पुढे काही नाही," मास्तर म्हणाले. बाकावरच्या तिघांनी माना वर केल्या होत्या.

बापाने आरशातून दाराकडे पाहिलं. रक्तदान केलं होतं, असं सांगायचं पोराने वाटेत ठरवलं होतं.

"बाबा, माझा आहे तो," एवढंच निघालं.

बापाने वस्तरा खाली ठेवला. तीस वर्षांत त्याने कुणाला अर्ध्या दाढीने ताटकळत ठेवलं नव्हतं. "मास्तर, जरा बसा," असं म्हणून तो फोन उचलून खांद्यावरच्या टॉवेलसकट बाहेर पडला.

वाटभर बाप चार पावलं पुढे चालत होता. पोराला वाटत होतं, एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. केंद्राच्या दारात नर्सबाईंनी बापाला थांबवलं, आत फक्त पेशंट म्हणाल्या. बाप बाहेरच्या बाकावर बसला.

आत दहा मिनिटं लागली. संसर्ग होता, पण गोळ्यांनी पूर्ण बरा होणारा. त्या मुलीचीही तपासणी व्हायला हवी, तिला लवकर घेऊन ये, असं बाईंनी दोनदा बजावलं. तो "हो, बघतो" म्हणाला, तिथून एकदाचं सुटण्यासाठी.

बाहेर बाप उठून उभा होता, नाकावर एरवी न लावलेला चष्मा, आणि हातातल्या फोनवर मास्तरांनी मनात वाचलेली ओळ: 'जोडीदारालाही सोबत आणावे.' "बरं होईल ना?"

"होईल. सात दिवसांच्या गोळ्या."

बापाने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. पोराला वाटलं, सुटलो.

"आणि ती?" बापाने विचारलं.

"कोण?"

"नाव नको सांगूस. तू घाबरलास, तुझ्याबरोबर मी आलो. ती पोरगी कुणाबरोबर येणार?"

अकरा दिवसांत त्याने बापाचा विचार केला होता, मित्रांचा केला होता, बाकावरच्या गिऱ्हाइकांचासुद्धा केला होता. तिचे फोन मात्र तो कापत राहिला होता. तिलाही त्रास होत असेल, हे त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं, आणि आता त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने फोन लावला. एकच रिंग वाजली आणि तिने उचलला.