फुंकरमिस्त्रींची लाल रिबीन

मी एक जुनी लाल रिबीन आहे. जेमतेम वीतभर. मित्रांनो, माझा अर्धा भाग आज राखाडी झाला आहे, पण एकेकाळी मी एका सात वर्षांच्या मुलीच्या वेणीत मिरवत होते. एकदा तिच्या आईने लांब झाली म्हणून रिबीन कापली आणि उरलेला तुकडा, म्हणजे मी, तिच्या बाबांनी खिशात टाकला.

"बाबा, ती माझी आहे!"

"तुझीच गं. फक्त कामाला लावतो."

बाबा एका मोठ्या इमारतीत बॉयलरचे मिस्त्री होते. सगळ्या खोल्यांना ऊब देणारा बॉयलर तळघरात होता. त्याला जळायला ताजी हवा लागे आणि ती एक पंखा दाराशेजारच्या जाळीतून आत ढकलत असे. हवा कमी पडली की बॉयलर विषारी वायू सोडतो. त्या वायूला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून मिस्त्रींनी मला त्या जाळीला बांधले. मी फडफडले तर आत यायचे, लोंबकळले तर उंबऱ्यावरूनच मागे फिरायचे.

पण माझ्यावरही त्यांचा आंधळा विश्वास नव्हता. रोज सकाळी ते उंबऱ्यात उभे राहून मला बाजूने एक फुंकर मारत. मी हलले, की मी कुठे अडकलेली नाही याची खात्री होई. "पहारेकरी जागा आहे का, ते आधी बघावं," असे ते म्हणत. सगळे त्यांना फुंकरमिस्त्री म्हणून चिडवत आणि तेही हसत.

दोनदा जाळी धुळीने तुंबली, एकदा पंख्याचा पट्टा सैल झाला. तिन्ही वेळा आधी मी मान टाकली. मिस्त्रींनी सर्वांदेखत माझे कौतुक केले, तेव्हा मी जरा जास्तच फडफडले असेन.

वीस वर्षे गेली. वर ऑफिसात एक स्क्रीन आला. पंखा चालू असला की त्यावर हिरवा ठिपका दिसे. त्याला फक्त मोटर फिरते आहे एवढेच कळत होते. मोटरवरचा पट्टा पंख्याला फिरवतो की नाही, हे त्याच्या गावीही नव्हते. तरी लोक म्हणू लागले, "ती चिंधी काढा आता." मिस्त्रींनी काढली नाही.

मग ते चार दिवस रजेवर असताना तळघराला राखाडी रंग लागला. पंखा चालू होता, मी फडफडत होते. ब्रश माझ्यावरूनही फिरला आणि मी समोरच्या ओल्या पाइपाला जाऊन चिकटले. तशीच, आडवी ताणलेली, वाळले. दोन दिवसांनी पट्टा तुटला. मला हलता आले नाही.

मिस्त्री परतले त्या सकाळी वरच्या खोल्या गार पडल्या होत्या. मॅनेजर त्यांच्या मागे लागले होते. "पंखा चालू दिसतोय स्क्रीनवर. तुम्ही आधी बॉयलर बघा हो!" मिस्त्रींनी घाईत माझ्याकडे पाहिले. मी आडवी होते, म्हणजे हवा आहे. त्या एका दिवशी त्यांनी फुंकर मारली नाही. ते आत गेले. मित्रांनो, मी जन्मात एकदाच खोटे बोलले, तेही माझ्या माणसाशी.

वॉचमनने त्यांना ओढून बाहेर काढले. जीव वाचला, पण त्या वायूने आठवणी पुसून टाकल्या. आता ते लेकीलाही ओळखत नाहीत.

लेकीने मला पाइपावरून सोलून घरी आणले. "बाबा, ही माझी रिबीन. आठवते?" त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे. हळूच वाकले आणि मला फुंकर मारली. रंगाने ताठ झालेली मी जागची हलले नाही.

"अडकलीये ही," ते म्हणाले. "आत जाऊ नका कुणी."

लेक ओंजळीत तोंड लपवून रडली. मला रडताही येत नाही.

मित्रांनो, तुम्ही ज्याच्या भरवशावर निर्धास्त असता, त्याचीही रोज विचारपूस करा. त्या तळघरात आता नवी रिबीन बांधली आहे म्हणे. तिला सकाळी कोणी फुंकर मारते का, ते मला कोणी सांगितलेले नाही.