खळ्याचे दोन कागद

“हाई देख,” म्हणत प्रेमराजने दोन्ही कागद नूतनच्या टेबलावर पसरले आणि शर्टाच्या खिशातून सहा इंची पट्टी काढली. “पंडितना कागद बारा भरस. मन्हा भरस साडेअकरा. अर्धा सेंटीमीटर कथा गया?”

नूतनने आधी कोण कोण ऐकतंय ते पाहिलं. साहेब साइटवर गेले होते. पलीकडच्या टेबलावर भूपेंद्र चहा पीत होता, आणि कप कधीच रिकामा झालेला असूनही पीतच होता. म्हणजे ऐकत होता.

“भाऊ, बस तर खरं. पानी पी,” ती म्हणाली.

प्रेमराज बसला नाही. शिरपूरहून एसटीने धुळ्यापर्यंत तो पाणी प्यायला आलाच नव्हता.

नूतन ही प्रेमराज आणि पंडित या दोघांची मधली बहीण. धुळ्यात देवपूरला एका इंजिनियरच्या ऑफिसात ती नकाशे काढते. आयटीआय करून लागली तेव्हा ट्रेसिंग पेपर आणि शाईचे पेन होते, आता संगणकावरचं कॅड आहे. वडील सुपडूनाना गेले आणि शिरपूरजवळच्या गावातल्या खळ्याची वाटणी दोघा भावांनी ठरवली. जिथे सुपडूनाना कपाशी उतरवायचे, बैल बांधायचे, ते खळं. मधून सरळ रेघ, अर्धं थोरल्या प्रेमराजचं, अर्धं धाकट्या पंडितचं. दोघांनाही तिथे घर बांधायचं होतं, म्हणून दोघांना आपापल्या हिश्श्याचा वेगळा कागद हवा होता. घरातच नकाशे काढणारी बहीण असताना दुसरीकडे कोण जाणार? नूतनने हौसेने काढून दिले, आणि फोनवर प्रेमराजला समजावलंही, की पट्टी लावून बघ, कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर.

त्याने पट्टी लावून बघितली होती.

“झेरॉक्स काढेल शे का हाई?” नूतनने विचारलं. झेरॉक्सवाले कागद थोडा लहान करतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. झेरॉक्सवाल्यांवर तिचा विश्वास नव्हताच.

तसा तिचा विश्वास फारसा कुणावरच नव्हता. भाजी घेऊन ती घरी येते आणि घरच्या काट्यावर पुन्हा तोलते. रिक्षावाल्याने गल्ली बदलली की ती मोबाईलवर रस्ता उघडते. जेवायला जाताना स्वतःचा माऊस काढून ड्रॉवरमध्ये ठेवते आणि ड्रॉवरला चावी लावते. ऑफिसात याची भरपूर थट्टा चालते, पण तिच्या नकाशात कधी चूक निघत नाही, त्यामुळे थट्टा तिच्या पाठीमागेच चालते.

“झेरॉक्स नही. तू देयेल तोच कागद शे,” प्रेमराज म्हणाला.

तिने खाली तिची स्वतःची आद्याक्षरं पाहिली. कागद अस्सल होता. तिने आपली लांब पट्टी लावली. समोरची बाजू. लिहिलेलं होतं बारा मीटर, पट्टी सांगत होती साडेअकरा. तिने लगेच मान वळवली.

“भूपेंद्र, परवा माझ्या मशीनवर कोण बसलं होतं?”

“मॅडम, मी तुमच्या मशीनला हातसुद्धा लावला नाही. लावायची हिंमत आहे का कुणाची?”

“मग आपोआप झालं?”

“चुकून काहीतरी झालं असेल.”

“चुकून काही होत नसतं. कुणीतरी करतं तेव्हा होतं,” नूतन म्हणाली. हे वाक्य तिचं ठरलेलं होतं. ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाने ते एकदा तरी ऐकलेलं असे.

तिने फाइल उघडली. प्रेमराज तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, अगदी जवळ, दुकानदार गल्ल्यात हात घालतो तेव्हा माणूस उभा राहतो तसा.

खळं एकच होतं आणि तिने ते एकदाच काढलं होतं, खऱ्या मापात. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. कॅडमध्ये कागद तयार करायचा म्हणजे कोऱ्या कागदावर एक खिडकी, म्हणजे व्ह्यूपोर्ट, पाडायची आणि तिच्यातून मूळ नकाशा दिसू द्यायचा. खिडकीला प्रमाण द्यायचं, एकास शंभर. मग खिडकीला कुलूप लावायचं. ते लावलं नाही आणि आत असताना माऊसचं चाक फिरलं, तर चित्र जवळ येतं किंवा लांब जातं. लिहिलेले आकडे तेच राहतात, पण कागदावरची रेघ लहानमोठी होते.

पंडितच्या कागदाच्या खिडकीला कुलूप होतं. प्रेमराजच्या नव्हतं.

नूतन पडद्याकडे बघतच राहिली. भूपेंद्रने केलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तिला आता सगळं आठवलं. पंडितचा कागद आधी झाला होता, नेहमीच्या कडकपणाने. पट्टी लावून, दोनदा तपासून. दुसरा त्याच साच्यातून काढला, फक्त खिडकी नवी पाडली. माहेरचं काम होतं, जिवाला निवांत वाटत होतं. प्रेमराजच्या हिश्श्यात खळ्यातला कडुलिंब आला होता. झाडासाठी ती नेहमी एक साधं वर्तुळ काढते, इथेही काढलं होतं. ते वर्तुळ जवळून बघायला तिने चाक पुढे फिरवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याच लिंबाला दोर बांधून झोके घेतले होते. दर आखाजीला प्रेमराज तिला माहेरी न्यायला येई, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी एकदाही चुकला नव्हता. ते सगळं आठवत ती थोडा वेळ बसली, मग चाक मागे फिरवलं. होतं तेवढंच झालं असं डोळ्यांना वाटलं, आणि तिने प्रिंट काढली. मोजली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने प्रिंट मोजली नव्हती.

“चुकी मन्ही शे, भाऊ,” ती म्हणाली. “खिडकीले कुलूप लावानं ऱ्हायी गयं. बठ्ठं चित्र थोडं बारीक व्हयनं. देख, फक्त समोरनीच बाजू नही, मांगली बी कमी भरी. लिंब बी बारीक व्हयना.”

“म्हनजे आखो कमी!” प्रेमराज म्हणाला.

“जमीन कमी नही ना, भाऊ. कागदवर कमी. आकडा वाच, बारा शे.”

“आकडा कोनी बी लिखस.” त्याने पट्टी खिशात घातली आणि पुन्हा काढली. “आनि तू चुकनी? तू? भेंडी दोनदा तोलस तू. नानास्ना दवाखानाना कागद तीनदा वाचेत तू. तू कवय चुकस?”

भूपेंद्रने कप खाली ठेवला.

नूतनने लांब पट्टी बाजूला ठेवली. आपण चुकलो हे पटवून द्यायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. आजवर दुसरे ‘चुकून झालं’ म्हणायचे आणि ती ते कधीच मान्य करत नव्हती. आता तिची एकुलती एक चूक हातात घेऊन ती उभी होती आणि सख्खा भाऊ ती घ्यायला तयार नव्हता.

“मंग तुले काय वाटस? मी मुद्दाम करं?”

प्रेमराजने पट्टी मुठीत धरली. मग पडद्याकडे बघतच म्हणाला, “दीड फूट पट्टी निघनी मन्हा हिस्सामाईन. पंडितनी नही, मन्ही. पुरा खळाना लांबीनी. ती कोनासाठे ठेवी?”

“कोनासाठे म्हनजे?”

“गल्लीमाना नथ्थूनी बहीननी हिस्सा लिधा. वकील म्हने, आते बहिनीस्ले बी बराबर ऱ्हास.”

“भाऊ, मी कवय काही मांगं का तुमनाकडे?”

“मांगं नही. पन मनमा काय शे ते कोनले दखास?”

नूतनला ते इतकं लागलं की तिला रडू येईल असं वाटलं, आणि भूपेंद्रसमोर रडायचं नाही म्हणून तिने माऊस घट्ट धरून ठेवला. खळ्यात आपला वाटा असतो हे तिला कायद्याने माहीत होतं. असंख्य वाटण्यांचे नकाशे तिने काढले होते. पण या एका नकाशात तिसरी रेघ काढायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गावाहून डाळ, शेंगा, पपया येत, त्या ती जशाच्या तशा डब्यात ओतायची. कशासाठी पाठवतात हे तिने कधी विचारलं नव्हतं. आता मात्र ती विचार करू लागली. नाना गेल्यापासून पपया जरा जास्तच येत होत्या का?

तिने खिडकीला प्रमाण दिलं, कुलूप लावलं आणि नवी प्रिंट काढली. यावेळी तिने मोजली नाही. प्रेमराजने मोजली. समोरून, बाजूने, मागून. मग लिंबाच्या वर्तुळालाही पट्टी लावली.

“आते बराबर शे,” तो म्हणाला आणि कागदाची गुंडाळी केली. दाराशी जाऊन वळला. आवाज मऊ झाला होता, आणि तो मऊ आवाजच तिला जास्त नकोसा वाटला. “मंग सही कवय करशी?”

“कशानी सही?”

“हक्कसोडनी. तू म्हनेल व्हती ना, करसू म्हनीसन.”

ती म्हणाली होतीच. नानांच्या दहाव्याला, कुणी न विचारता, आपण होऊन.

“आखाजीले येसू तवय करसू,” नूतन म्हणाली.

“आखाजीले रजिस्टर ऑफिस बंद ऱ्हास.” म्हणजे त्याने आधीच चौकशी केली होती. “आदलेदिन येस मी तुले लेवाले. जाता जाता करी लेऊत.”

तो गेल्यावर भूपेंद्र उगाच फाइली सरकवत राहिला. शेवटी म्हणाला, “मॅडम, होतं असं. व्ह्यूपोर्ट लॉक करायचा राहतो माणसाकडून.”

त्याच्या बोलण्यात टोमणा आहे का, हे नूतनने बराच वेळ तपासून पाहिलं. नव्हता.

आखाजीच्या आदल्या दिवशी प्रेमराज ठरल्याप्रमाणे आला. यावर्षी एसटीने नव्हे, भाड्याची गाडी करून. पंडित पुढच्या सीटवर बसला होता. नूतनला घ्यायला दोघे भाऊ एकत्र आले असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. दोघेही एकमेकांशी बोलत नव्हते. एकट्याने बहिणीला आणलं तर वाटेत काय ठरेल, याची दुसऱ्याला खात्री नव्हती.

गाडी गावाच्या फाट्याला वळली नाही, सरळ शिरपुरात रजिस्टर ऑफिसला गेली. कागद तयार होते. फोटो झाला, अंगठे झाले. टेबलावरच्या बाईंनी नेहमीच्या सुरात विचारलं, “स्वखुशीने करताय ना, ताई? कुणाचा दबाव नाही ना?”

दोन्ही भाऊ भिंतीवरचा पंखा बघत होते.

“स्वखुशीने,” नूतन म्हणाली. आणि ते खरं होतं. न मागता तिने ते हसत दिलं असतं. तिच्याकडून ते असं काढून घेतलं नसतं, तर आज तिला घरी जाण्याचा आनंद झाला असता, एवढंच. तिने सगळी पानं वाचली, प्रत्येक पानावर आपलं नाव नीट लिहिलं आणि पेन ज्याचं होतं त्याला परत दिलं.

खळ्यात पोचेपर्यंत दुपार झाली होती. मधोमध फक्कीची पांढरी रेघ पडलेली होती, तिच्याच कागदावरून मापलेली, अगदी अचूक. एका बाजूला प्रेमराजच्या विटा, दुसऱ्या बाजूला पंडितची वाळू. पूर्वी खळ्यात शिरायला एकच झापा होता, एकच फाटक. आता दोन होते, आणि गाडी नेमकी दोन्हींच्या मध्ये उभी राहिली.

नूतन खाली उतरली. प्रेमराजची बायको रूपा तांब्या घेऊन एका झाप्यातून आली. पंडितची बायको दिपमाला तांब्या घेऊन दुसऱ्यातून आली. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघी आपापल्या झाप्यापाशी थांबल्या.

“या ताई, पानी ल्या,” रूपा म्हणाली.

“ताई, आठे या, सावलीमा,” दिपमाला म्हणाली.

पुढे कोणीच आलं नाही. प्रेमराज गाडीचं दार लावता लावता थांबला. पंडितने पैसे द्यायला खिशात घातलेला हात तसाच ठेवला. ती पहिला तांब्या कुणाचा घेते, याकडे चौघांचं लक्ष होतं. दोघी भावजयांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि नूतनला त्या हसण्यामागचं सगळं दिसत होतं, कारण अशा नजरेने ती स्वतः जन्मभर जगाकडे बघत आली होती. रूपाचा घेतला तर दिपमाला वर्षभर म्हणेल की नकाशा थोरल्याच्याच बाजूने काढला होता. दिपमालाचा घेतला तर दीड फूट पट्टी पुन्हा निघेल.

“मन्हाजोडे शे पानी,” ती म्हणाली.

तिने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली, झाकण उघडलं आणि माहेरच्या दारात उभी राहून, कुणाकडेही न बघता, घोट घोट पाणी प्यायली. पाणी धुळ्याचं होतं आणि वाटेतल्या उन्हाने चांगलंच तापलेलं होतं.